गुडघ्याचा ओळंबा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावर सोपविली होती. परंतु तो विषय आपल्या कार्यकारिणीनेच आम्हांस पुरविला, असे म्हटले पाहिजे. यंदा वैद्यकीय साहाय्य निधीकडे जे अर्ज आले त्यांत एक अर्ज फर्निचरचे काम करणाऱ्या एका ४४ वर्षांच्या ज्ञातिबांधवाचा होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात 'थ्रीडी प्रिंटिंगने तयार केलेला फर्मा' अशी एक बाब होती, आणि तिच्यावर दोन बैठकांत बराच वाद झाला. हाड कापावयाला डॉक्टरांना फर्मा लागतो म्हणजे त्यांचा हात बसलेला नाही, असे एका वृद्ध सभासदांनी म्हटल्याचे आमच्या कानी आले. ते सभासद आम्हांस पितृतुल्य आहेत. त्यांच्या बोलण्याचा आम्हांस राग आला नाही. उलट, त्यांच्या शंकेला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे असे वाटले. आम्ही अस्थिशल्याचा व्यवसाय करतो खरे, पण आमचे बालपण भुशात आणि तासलेल्या लाकडाच्या वासात गेले आहे. तेव्हा आज आपल्याशी बोलताना वैद्यकाची भाषा कमी आणि आपल्या घरची भाषा अधिक वापरली, तर ते आपणांस आवडेल असा भरवसा आहे.

आपल्या धंद्यात उकिडवे बसून काम करणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. एका पायाखाली फळी दाबून दुसरा गुडघा छातीशी घेऊन करवत चालविणारे आजोबा आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यांचे पाय उतारवयात फेंगडे झालेलेही पाहिले आहेत. आपल्या माताभगिनींत तर गुडघ्यांची झीज पुरुषांहून अधिक आढळते. ही केवळ वयाची देणगी आहे असे समजून आपण ती सोसत आलो. वयाचा, वजनाचा आणि श्रमाचा भाग त्यात आहेच. तथापि पायाच्या बांधणीचाही भाग मोठा आहे, आणि आजचे आमचे बोलणे त्या बांधणीविषयी आहे.

मनुष्य उभा असता खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सूत ताणून धरले, तर सरळ पायात ते गुडघ्याच्या मध्यातून अथवा मध्याच्या किंचित आतून जाते. काटेकोर बोलावयाचे तर ही रेघ ओळंब्याप्रमाणे अगदी उभी नसते, किंचित तिरपी असते; पण शरीराचा भार तिच्या आधाराने उतरतो म्हणून आम्ही तिला गुडघ्याचा ओळंबा म्हणतो. सरळ पायातसुद्धा चालताना निम्म्याहून अधिक भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावरच पडतो. पाय बाहेर वाकून धनुष्याकृती झाला की ओळंबा आतल्या बाजूला सरकतो, मग त्या भागावरील गुळगुळीत कूर्चा अधिक झिजते, ती झिजली की पाय आणखी वाकतो, आणि वाकला की आणखी झिजतो. अमेरिकेतील शिकागो येथे लीना शर्मा व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झीज असलेले गुडघे १८ महिने तपासले. ज्यांचे पाय असे बाहेर वाकलेले होते त्यांच्या गुडघ्याच्या आतल्या भागाची झीज वाढण्याचा संभव सुमारे चौपट आढळला. चौकट गुण्यात नसेल तर दाराची एकच कड घासत राहते, हे आपणांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय दोन. एक, झिजलेला सांधा काढून धातू व प्लॅस्टिकचा नवा बसविणे. दुसरा, सांधा आपलाच ठेवून हाडाची मांडणी बदलणे. पहिला आज घरोघरी ठाऊक आहे. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य नियामक संस्थेने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि तो अनेकांच्या आवाक्यात आला. ज्यांचा सांधा सर्व बाजूंनी झिजला आहे व ज्यांचे वय झाले आहे त्यांना त्याने मोठे सुख दिले आहे. त्याची निंदा आम्ही कधीही करणार नाही. परंतु कृत्रिम सांधाही झिजतो. चाळिशीतल्या माणसाला तो बसविला तर पुढे आणखी एकदा, कदाचित दोनदा, बदलण्याची वेळ येण्याचा संभव राहतो. शिवाय उकिडवे बसणे, ओझे उचलणे, शिडीवर चढणे ही आपल्या पोटापाण्याची कामे त्या सांध्याला मानवत नाहीत.

दुसऱ्या उपायाला अस्थिछेदन म्हणतात. तो नवा नाही. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅक्यूएन यांनी मुडदुसाने वाकड्या झालेल्या मुलांच्या पायांची हाडे जंतुनाशक पद्धतीने छेदून सरळ केली आणि १८८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. गुडघ्याच्या झिजेसाठी नडगीचे हाड वरच्या बाजूला छेदण्याचे आपले अनुभव जॅक्सन व वॉ यांनी इंग्लंडात १९६१ साली प्रसिद्ध केले. १९६५ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील मार्क कव्हेंट्री यांनी या शस्त्रक्रियेला व्यवस्थित रूप दिले. ते बाहेरच्या बाजूने पाचरीएवढे हाड काढून टाकीत. आज बहुधा याच्या उलट करतात. नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूने तिरपा छेद घेतात, बाहेरच्या कडेला सुमारे १ सेंटिमीटर हाड न कापता बिजागरीसारखे ठेवतात, आणि छेद हळूहळू उघडून पाचरीएवढी फट करतात. मग टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसविली की पाय सरळ होतो, ओळंबा झिजलेल्या भागावरून धडधाकट भागाकडे सरकतो, आणि फट काही महिन्यांत हाडाने भरून येते.

ओळंबा नेमका कोठे न्यावा? जपानचे फुजिसावा यांनी १९७९ साली दुर्बिणीतून गुडघे तपासून जे लिहिले त्यावरून, नडगीच्या माथ्याची रुंदी आतल्या कडेपासून मोजली असता सुमारे ६२ टक्क्यांवर तो यावा, असा संकेत रूढ झाला. रुग्णाच्या झिजेप्रमाणे त्यात थोडे कमीजास्त करतात. कमी सरकला तर दुखणे परत येते. फार सरकला तर पाय आत वाकतो आणि चांगली असलेली बाजू झिजू लागते. ही सारी विद्या काही अंशांची आणि काही मिलिमीटरांची आहे, आणि आम्ही तीत कसे चुकलो ते आता सांगावयाचे आहे.

आमचे एक मावसभाऊ आहेत. वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. दारेखिडक्यांच्या कामात त्यांचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कोणी नव्हता. २००९ साली त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आम्ही ही शस्त्रक्रिया केली. त्या वेळी आमच्या व्यवसायात एक सोपा हिशेब प्रचलित होता: १ अंश सुधारणेला १ मिलिमीटर फट. दादांना १० अंशांची सुधारणा हवी, असे आम्ही क्ष-किरण चित्रावर काढले आणि १० मिलिमीटर फट उघडली. परंतु तो सोपा हिशेब बिजागरीपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे ५७ मिलिमीटर असेल तरच बरोबर येतो. दादा आडव्या हाडाचे; त्यांच्या छेदाची लांबी ७० मिलिमीटर होती. तेथे १० अंशांसाठी १२.३ मिलिमीटर फट हवी होती. १० मिलिमीटरने मिळाले केवळ ८ अंश. त्यात भर अशी की क्ष-किरण चित्र घेताना पाय किंचित फिरलेला होता, म्हणून वाकडेपणा मुळातच कमी मोजला गेला. दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या. तीन-चार वर्षे बरी गेली आणि मग दुखणे परतले. दादांनी बसून करावयाचे काम सोडले. त्यांच्या मुलाने दुकान सांभाळले, आणि दादा गल्ल्यावर बसू लागले.

आम्ही संकोचाने त्यांना सारा हिशेब समजावून सांगितला. दादांनी खिशातली पट्टी काढली. आपल्या मापात इंचाचे आठ सूत, २.३ मिलिमीटर म्हणजे पाऊण सूत. ते म्हणाले, "अरे, पाऊण सुताने दार घासते. माझा गुडघा घासणार नाही तर काय होईल?" त्या वाक्याने आम्ही जितके शिकलो तितके कोणत्याही परिषदेत शिकलो नाही. हे सर्व आम्ही दादांच्या अनुमतीने सांगत आहोत. ते या सभेत उपस्थित आहेत.

आता फर्म्याकडे वळू. संगणकावर रचलेली आकृती थरावर थर चढवून प्रत्यक्ष वस्तूत उतरविणे, म्हणजे त्रिमितीय मुद्रण. अमेरिकेतील चार्ल्स हल यांना या कल्पनेच्या एका पद्धतीचे पेटंट १९८६ साली मिळाले. आमच्या कामात ती पुढीलप्रमाणे येते. रुग्णाचे उभे राहून काढलेले संपूर्ण पायाचे क्ष-किरण चित्र घेतात, कारण भार पडला असता पाय कसा वाकतो ते निजलेल्या माणसात दिसत नाही. त्याशिवाय खुबा, गुडघा व घोटा यांचा सी.टी. स्कॅन काढतात; त्यात गुडघ्याच्या जवळपास मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ थरांची चित्रे मिळतात. त्यांवरून संगणकात हाडाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. तिच्यावर छेद घेऊन पाहावा, बिजागरी कोठे ठेवावी ते ठरवावे, ओळंबा हव्या त्या जागी येईपर्यंत फट उघडावी, पसंत न पडल्यास सर्व पुसून पुन्हा मांडावे. लाकडाचा एक तुकडाही वाया न घालविता दहा वेळा काम करून पाहण्याची ही सोय आहे, आणि हिचे मोल आमच्या मते फर्म्याहूनही अधिक आहे.

हे नियोजन संगणकातून माणसाच्या हाडावर न्यावयाचे कसे, तेथे फर्मा येतो. रुग्णाच्या नडगीच्या आतल्या पृष्ठभागावर जे उंचवटे व खळगे असतात त्यांचीच उलट छाप फर्म्याच्या पोटात असते. म्हणून तो एकाच जागी घट्ट बसतो, दुसऱ्या जागी हलतो. त्याला करवतीच्या पात्यासाठी खाच असते, तिने छेदाची दिशा ठरते. पाते किती आत जावे हेही नियोजनातच मोजलेले असते, कारण गुडघ्याच्या मागे पायाची मोठी रक्तवाहिनी हाडाला लागूनच आहे. आणि त्यात भोके असतात. या भोकांची करामत आम्हांस सर्वांत आवडली. पट्टीच्या स्क्रूंची भोके छेद घेण्याच्या आधीच फर्म्यातून पाडून ठेवतात. ती अशा हिशेबाने पाडलेली असतात की छेद उघडल्यावर, ठरलेली फट अचूक उघडली असेल तेव्हाच पट्टीची भोके हाडाच्या भोकांसमोर येतात. फट कमी असेल तर जुळत नाहीत, अधिक असेल तरी जुळत नाहीत. पट्टी स्वतःच मापाची साक्ष देते.

आणखी एक बाब दादांच्या वेळी आम्हांस नीट सांभाळता आली नव्हती. नडगीचा माथा मागच्या बाजूला थोडा उतरता असतो. फट पुढे व मागे सारखीच उघडली तर हा उतार वाढतो आणि गुडघ्यातील स्नायुबंधांवर ताण येतो. म्हणून पुढची फट मागच्या फटीपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. एका वेळी दोन दिशांचा कोन डोळ्यांनी साधणे किती कठीण, ते ज्याने तिरप्या पायांचे स्टूल जुळविले आहे त्याला विचारावे.

फर्मा बहुधा नायलॉनच्या भुकटीवर लेसर फिरवून थरथर वितळवून तयार करतात. तो वाफेच्या भट्टीत १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस तापमानावर निर्जंतुक करता येतो. घरगुती यंत्रांवर मक्याच्या पिठापासून केलेला जो प्लॅस्टिकचा धागा वापरतात तो ६० अंशांच्या सुमारासच मऊ पडतो. त्याचा नमुना पाहण्यासमजण्यास उत्तम, पण शस्त्रक्रियेचा फर्मा त्याचा करून वाफेत घातला तर आकार बिघडेल. ज्ञातीतील एकदोन होतकरू तरुणांनी अशी यंत्रे घेतली आहेत व 'आम्ही करून देऊ का' असे विचारले आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

या पद्धतीची परीक्षा कोठे झाली? फ्रान्समध्ये मार्सेय येथील शल्यविशारदांनी लागोपाठच्या १०० रुग्णांवर असे फर्मे वापरून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ठरविलेला कोन व प्रत्यक्ष आलेला कोन यांतील सरासरी अंतर अंशभराच्या आसपास होते. इंग्लंडातील बाथ विद्यापीठाच्या अभियंत्यांनी त्याही पुढे जाऊन टायटॅनियमची पट्टीच प्रत्येक रुग्णाच्या हाडाबरहुकूम मुद्रित करण्याची पद्धती काढली. तिचा अनुभव इटलीत बोलोन्या येथील रिझोली संस्थेत २५ रुग्णांवर घेण्यात आला. ही संस्था टेकडीवरील एका जुन्या मठात १८९६ सालापासून अस्थिरोगांवर उपचार करीत आली आहे. मठातल्या वास्तूत धातूची भुकटी वितळवून घडविलेली पट्टी माणसाच्या पायात बसावी, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

इतके गुणगान झाल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. फर्म्याने कोन अधिक अचूक येतो आणि मोठ्या चुका कमी होतात, याला पुरावा आहे. परंतु त्यामुळे रुग्णाचे दुखणे अधिक कमी होते किंवा त्याचा गुडघा अधिक वर्षे टिकतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. ज्या शल्यविशारदांनी अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या आहेत ते फर्म्याविनाही उत्तम माप साधतात; आमच्या पितृतुल्य सभासदांचे म्हणणे तेवढ्यापुरते अगदी खरे आहे. सी.टी. स्कॅनमध्ये किरणांची मात्रा साध्या चित्राहून अधिक असते. फर्मा तयार होऊन येण्यास दिवस लागतात. हाडावरचा पडदा नीट साफ केला नाही तर फर्मा अधांतरी बसतो, आणि वाकडा बसलेला फर्मा मोठ्या अचूकपणे वाकडे कापतो. मूळ नियोजन चुकले तर त्याला काहीही उपाय नाही. आमच्या २००९ सालच्या क्ष-किरण चित्रावरून फर्मा केला असता, तर त्याने आमच्या दोन चुकांपैकी एक टाळली असती आणि दुसरी इमानाने हाडावर उतरविली असती.

दादांचा उजवा गुडघा २०२१ साली दुखू लागला. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे असे आम्हीच त्यांना सुचविले, पण ते ऐकेनात. "पहिल्या दाराची चूक ज्याला ठाऊक आहे, तोच दुसरे नीट बसवील," असे म्हणाले. या खेपेस उभे राहून काढलेले चित्र आम्ही तीनदा घेतले. फर्मा आला तेव्हा हाडाच्या नमुन्यावर तो बसवून आम्ही दादांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनतीनदा हलवून पाहिला, खाचेत नखाने कड तपासली आणि विचारले, "पाचर किती?" आम्ही ११ मिलिमीटर म्हटले. "म्हणजे साडेतीन सूत," असे म्हणून त्यांनी मान हलविली. शस्त्रक्रियेत भोके जुळली. पहिले काही आठवडे कुबड्या, मग काठी, आणि सात महिन्यांनी आपल्या पडवीत ते मांडी घालून पंगतीला बसले. डावा गुडघा मात्र अद्याप दुखतो, आणि जिना उतरताना ते तो पाय आधी टाकतात. आम्ही ते पाहतो.

आता निधीपुढील अर्जाविषयी. दोन्ही बैठकांच्या वेळी आम्ही परगावी होतो, म्हणून आमचे मत येथेच देतो. अर्जदार ४४ वर्षांचे आहेत, झीज गुडघ्याच्या आतल्या भागापुरती आहे, गुडघा पूर्ण वाकतो, आणि ते तंबाखू-विडीचे व्यसनी नाहीत. व्यसनाने हाड भरून येण्यास विलंब लागतो म्हणून ही चौकशी केली. त्यांची नडगी मोटारसायकलच्या अपघातात पूर्वी मोडून वाकडी जुळलेली आहे, ती एका दिशेने नव्हे तर दोन दिशांनी. अशा हाडावर रूढ हिशेब चालत नाहीत, तेथे फर्मा हा शौक नव्हे. निधीने तो खर्च द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. याउलट, त्याच बैठकीत आलेला ६७ वर्षांच्या एका भगिनींचा अर्ज घ्या. त्यांचा सांधा सर्व भागांत झिजला आहे. त्यांना हाड छेदून लाभ नाही, सांधा बदलणेच योग्य. आणि साधा, एकाच दिशेचा, थोडा वाकडेपणा असेल, व शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या कामात मुरलेले असतील, तर फर्म्याच्या खर्चाचा आग्रह आम्ही स्वतःही धरणार नाही. अर्ज करताना संपूर्ण पायाचे, उभे राहून काढलेले क्ष-किरण चित्र जोडावे असा नियम निधीने करावा, ही आमची सूचना आहे. केवळ गुडघ्याचे चित्र पाहून ओळंबा कळत नाही. आणि चाळिशीत गुडघा आतल्या बाजूला दुखू लागला तर तेल चोळीत दहा वर्षे घालवू नयेत. सांधा पूर्ण झिजल्यावर आमच्याकडे आलात तर हा दुसरा उपाय आमच्या हाती उरत नाही.

व्यासपीठाजवळच्या मेजावर नडगीच्या हाडाचा मुद्रित नमुना, त्यावरचा फर्मा आणि पट्टी ठेवली आहे. सभा संपल्यावर सर्वांनी हाताळून पाहावी. त्यातली पाचर शिसवी लाकडाची आहे. ती यंत्राने नव्हे, दादांनी रंध्याने केली आहे. मुलांनी ती काढून पाहावी, मात्र परत त्याच फटीत बसवून ठेवावी. दादा पहिल्याच रांगेत बसले आहेत.